राजांचा आजार की रंगाऱ्याचा? शिसे, युरिक अ‍ॅसिड आणि डॉक्टरांनी विचारायचा एक प्रश्न

तुमच्या हातात रक्ततपासणीचा रिपोर्ट आहे. युरिक अ‍ॅसिडच्या ओळीपुढे ८.२ असा आकडा आहे आणि तो ठळक अक्षरात छापला आहे. घरातले लगेच कामाला लागतात. सावजी मटण बंद. डाळ बंद. टोमॅटो, पालक, फ्लॉवर बंद. "जिभेवर ताबा नाही, म्हणून हे झालं," असं कुणीतरी म्हणतंच.

जिभेवर ताबा असावा, त्यात वाद नाही. पण युरिक अ‍ॅसिड वाढले म्हणजे माणूस खादाड आहे, हा निष्कर्ष फार घाईचा आहे. आणि ही घाई आजची नाही, चांगली दोन हजार वर्षांची आहे. या काळात वैद्य, हकीम, डॉक्टर सगळे रुग्णाच्या ताटाकडे बोट दाखवत राहिले. ते ताट, तो प्याला कशाचा बनला आहे, रुग्ण दिवसभर कोणते काम करतो, हे विचारणारे फार थोडे निघाले. ज्यांनी विचारले, त्यांना एक धातू सापडला. तो म्हणजे शिसे.

आजच्या लेखात आपण या धातूची आणि युरिक अ‍ॅसिडची जुनी ओळख समजून घेऊ. रोमपासून सुरुवात करू आणि नागपुरात येऊन थांबू.

आधी थोडे युरिक अ‍ॅसिडविषयी

आपल्या पेशींमध्ये आणि अन्नात प्युरिन नावाचे घटक असतात. ते मोडले की युरिक अ‍ॅसिड तयार होते. शरीरात रोज तयार होणाऱ्या युरिक अ‍ॅसिडपैकी साधारण दोन-तृतीयांश भाग मूत्रपिंडांतून लघवीवाटे बाहेर जातो, उरलेला आतड्यांतून.

रक्तात त्याचे प्रमाण सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले की ते विरघळून राहू शकत नाही. त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू लागतात. एखाद्या रात्री पायाचा अंगठा लालबुंद होतो, सुजतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. हाच गाऊट.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येईल. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या बहुतेक लोकांमध्ये ते जास्त तयार होत नसते, ते पुरेसे बाहेर पडत नसते. म्हणजे अडचण आवकेपेक्षा जावकेत जास्त असते. आणि जावकेचे दार मूत्रपिंडात आहे.

श्रीमंतांचा आजार

आयुर्वेदात गाऊटशी मिळतेजुळते वर्णन 'वातरक्त' या नावाने येते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात या आजाराचे एक दुसरे नावही दिले आहे, 'आढ्यवात'. आढ्य म्हणजे धनवान. सुकुमार, बैठी जीवनशैली असलेल्या, चांगलेचुंगले खाणाऱ्या माणसाचा हा आजार, अशी त्यामागची समजूत.

युरोपातही तेच. गाऊटला तिकडे राजांचा आजार म्हणत. अठराव्या शतकातल्या इंग्रजी व्यंगचित्रांत गाऊटचा रुग्ण ठरलेला असे. पोट सुटलेला, हातात दारूचा प्याला, पाय पट्ट्या बांधून स्टुलावर ठेवलेला.

ही समजूत पूर्ण खोटी नव्हती. मांस, दारू, वजन यांचा युरिक अ‍ॅसिडशी संबंध आहेच. पण सगळे श्रीमंत आजारी पडत नव्हते आणि आजारी पडणारे सगळे श्रीमंत नव्हते. हा हिशेब न जुळणारा होता.

रोमची गोड काकवी

प्राचीन रोममध्ये द्राक्षाचा रस आटवून घट्ट, गोड पाक करत. आपल्याकडे उसाच्या रसाची काकवी करतात, साधारण तसाच प्रकार. त्याला 'सापा' किंवा 'देफ्रुतुम' म्हणत. तो वाइनमध्ये, चटण्यांमध्ये, फळे टिकवण्यासाठी सर्रास वापरला जाई.

हा पाक आटवायला कोणते भांडे घ्यावे? कोलुमेल्ला, प्लिनी अशा रोमन लेखकांनी पितळ-काशाऐवजी शिशाचे भांडे सुचवले. कारण तांब्याच्या भांड्यात आंबट रस कळकतो आणि चव बिघडते. शिशाच्या भांड्यात मात्र चव आणखी गोड होते! फळातल्या आम्लाचा शिशाशी संयोग झाला की गोड चवीचा क्षार तयार होतो. पुढे रसायनशास्त्रात त्याला 'शिशाची साखर' असेच नाव पडले.

जेरोम न्रियागू या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये असा दावा मांडला की रोमन उमरावांमधल्या गाऊटमागे हेच शिसे होते. त्यावर टीकाही लगेच झाली. रोमचे साम्राज्य शिशाने बुडाले वगैरे म्हणणे इतिहासकारांना मान्य नाही, आणि तुम्हीही मानू नका. पण एवढे मात्र खरे की शिशाचे काम करणारे मजूर फिकट आणि रोगट दिसतात, हे रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने तेव्हाच नोंदवले होते. पाण्यासाठी शिशाऐवजी मातीच्या नळ्या वापराव्यात, असा सल्लाही त्याने दिला होता. तो कुणी फारसा ऐकला नाही.

पोर्ट वाइन, सायडर आणि खिळे

आता थेट अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये येऊ. १७०३ मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगालमध्ये व्यापारी करार झाला आणि पोर्तुगालची पोर्ट वाइन इंग्लंडमध्ये स्वस्त झाली. उच्चवर्गीय इंग्रज ती भरपूर पिऊ लागले. त्याच शतकात गाऊटची तिथे जणू साथ पसरली. त्या काळातल्या उरलेल्या काही बाटल्या विसाव्या शतकात तपासल्या, तेव्हा त्या वाइनमध्ये भरपूर शिसे सापडले. म्हणजे दोष दारूचा होताच, पण दारूसोबत आणखी काहीतरी पोटात जात होते.

गरिबांच्या पेयाचीही तीच गत होती. डेव्हन परगण्यात सफरचंदाची सायडर पिणाऱ्यांना पोटात असह्य कळा येत, हात लुळे पडत. १७६७ मध्ये डॉ. जॉर्ज बेकर यांनी रासायनिक चाचणी करून दाखवले की सायडरमध्ये शिसे आहे. सफरचंद दाबण्याच्या यंत्रातल्या फटी शिशाने भरलेल्या असत, ते रसात उतरत होते. बेकर स्वतः डेव्हनचे. तरी गावकऱ्यांनी त्यांना धन्यवाद दिले नाहीत, त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. धंद्यावर गदा येते म्हटल्यावर दुसरे काय होणार?

याच काळातले एक प्रसिद्ध नाव म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. तरुणपणी लंडनच्या छापखान्यात काम करताना त्यांनी पाहिले होते की शिशाचे खिळे शेकोटीजवळ गरम करून जुळवणाऱ्या कामगारांचे हात निकामी होतात. १७८६ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी शिशाच्या दुष्परिणामांचे सविस्तर वर्णन केले. गंमत पाहा. फ्रँकलिन स्वतः गाऊटने हैराण होते. १७८० मध्ये त्यांनी आपण आणि गाऊट यांच्यातला एक विनोदी संवाद लिहिला. त्यात गाऊट त्यांना कशाबद्दल झापतो? जास्त खाण्याबद्दल आणि व्यायाम न करण्याबद्दल! शिशाबद्दल इतके जाणणाऱ्या माणसालाही आपल्या दुखण्यासाठी ताटच दोषी वाटले. त्यांचा गाऊट शिशामुळे झाला असे मी म्हणत नाही. पण नजर कुठे जाते आणि कुठे जात नाही, हे इथे दिसते.

"तुम्ही काम काय करता?"

इटलीतील मोदेना शहरातले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कुंभार, रंगारी, छपाई कामगार, खाणकामगार, प्रत्येकाच्या धंद्यामुळे त्याला काय होते ते त्यांनी लिहून ठेवले. मातीच्या भांड्यांना चकाकी आणण्यासाठी शिशाचा लेप लावणाऱ्या कुंभारांची अवस्था त्यांनी बारकाईने नोंदवली. त्यांचे डॉक्टरांना सांगणे साधे होते: रुग्णाला जे प्रश्न आपण परंपरेने विचारतो, त्यात एकाची भर घाला. तो काम काय करतो, हेही विचारा.

दीडशे वर्षांनी या प्रश्नाने गाऊटचे कोडे सोडवायला मदत केली. युरिक अ‍ॅसिड हा पदार्थ स्वीडनच्या कार्ल शील यांनी १७७६ मध्येच मूतखड्यातून शोधला होता. १८४८ मध्ये लंडनचे डॉ. आल्फ्रेड गॅरॉड यांनी सिद्ध केले की गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेले असते. आज तुमच्या रिपोर्टवर जी ओळ असते, तिचा उगम इथे आहे.

गॅरॉड यांनी १८५९ मध्ये गाऊटवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी एक निरीक्षण मांडले. रुग्णालयात त्यांनी उपचार केलेल्या गाऊटच्या रुग्णांपैकी निदान चौघांत एकाला आयुष्यात कधीतरी शिशाची बाधा झालेली होती, आणि त्यातले बहुतेक जण रंगारी किंवा नळकाम करणारे होते. नळकामात तेव्हा शिसेच वापरत आणि पांढऱ्या रंगात शिशाचा पांढरा क्षार असे.

हे लोक राजे नव्हते. पक्वान्ने त्यांच्या ताटात नव्हती. रोजंदारीवर शिडी चढणारे, ब्रश धुऊन त्याच हाताने भाकरी खाणारे लोक होते ते. त्यांना 'राजांचा आजार' झाला होता.

शिसे नेमके करते काय?

शिसे रक्तात शिरले की मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशींमध्ये साचते. युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायचे की पुन्हा रक्तात घ्यायचे, हे याच नलिका ठरवतात. शिशामुळे त्यांचे काम बिघडते, युरिक अ‍ॅसिडची जावक मंदावते आणि रक्तातली पातळी चढते. आवक वाढलेलीच नसते. जावक अडते. संपर्क वर्षानुवर्षे राहिला तर मूत्रपिंड हळूहळू आकसते आणि रक्तदाबही वाढतो. म्हणून गाऊट, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा बिघाड हे तिन्ही एकाच माणसात तुलनेने तरुणपणी दिसले, तर डॉक्टरांनी शिशाचा विचार करायला हवा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते. पण ते सगळे शरीराबाहेर जात नाही. शरीराला ते कॅल्शियमसारखे वाटते, म्हणून ते हाडांत जाऊन बसते. प्रौढ माणसाच्या शरीरातल्या एकूण शिशापैकी ९० टक्क्यांहून अधिक हाडांत असते आणि तिथे ते दहा-वीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त राहते. उतारवयात, हाडे ठिसूळ होताना, स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर ते थोडे थोडे रक्तात परत येते. म्हणजे आजच्या रिपोर्टमागे तिशीतले काम किंवा बालपणीचे घरही असू शकते.

क्वीन्सलँडची मुले

हे नुसते तर्काने सांगत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये याचा दाखलाच आहे. तिथल्या लाकडी घरांच्या व्हरांड्यांना शिशाचा रंग असे. कडक उन्हात त्याची भुकटी होई. मुले कठड्यांना धरून खेळत आणि बोटे तोंडात घालत. डोळ्यांचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये सांगितले की मुलांच्या विषबाधेचे मूळ हा रंग आहे. १९२२ मध्ये तिथे मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी शिशाचा रंग लावण्यावर कायद्याने बंदी आली.

ती मुले मोठी झाली. त्यातल्या अनेकांना ऐन तारुण्यात मूत्रपिंडाचा जुनाट विकार झाला आणि त्याच्या जोडीने गाऊटही. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या डॉक्टरांनी हे धागे जुळवले. बालपणीचा कठडा आणि मोठेपणीचा सुजलेला सांधा, मध्ये वीस-तीस वर्षे.

आता आपल्या गावात

नागपूर नाव पडले ते नाग नदीवरून. योगायोग असा की संस्कृत रसशास्त्रात शिशालाही 'नाग' म्हणतात आणि शिशाचे भस्म म्हणजे नागभस्म. या दोन्ही नागांचा एकमेकांशी संबंध नाही. पण नागपूरकरांच्या अंगात हा दुसरा नाग कुठून शिरला असेल, ते पाहू.

पेट्रोल: इंजिन ठोके देऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती १९२१ मध्ये अमेरिकेत निघाली. भारतात शिसेमुक्त पेट्रोल १९९५ मध्ये आधी चार महानगरांत आले आणि देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून. म्हणजे आज चाळिशीच्या पुढे असलेल्या प्रत्येक नागपूरकराचे बालपण सीताबर्डी-इतवारीच्या धुरात शिसे असतानाच गेले आहे.

मुले: नागपूरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. अर्चना पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या सहा वर्षांपर्यंतच्या २९७ मुलांचे रक्त तपासले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा रक्तातल्या शिशाची धोक्याची रेषा १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर मानत. सुमारे दोन-तृतीयांश मुले त्या रेषेच्या वर होती. आज अमेरिकेत मुलांसाठी ही रेषा ३.५ वर आणली आहे. नागपूरची ती पिढी आता पंचविशी-तिशीत आहे. क्वीन्सलँडच्या मुलांना झालेली बाधा खूपच तीव्र होती, तेव्हा घाबरू नका. पण त्या वयाचा तरुण वाढलेले युरिक अ‍ॅसिड आणि वाढलेला रक्तदाब घेऊन आला, तर केवळ "बाहेरचं खाणं कमी कर" म्हणून त्याला परत पाठवू नये.

छापखाने: 'हितवाद' १९११ मध्ये नागपुरात सुरू झाला. तेव्हापासून ऑफसेट छपाई येईपर्यंत शहरातल्या छापखान्यांत शिशाचे खिळे जुळवले जात. खिळे म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू. दिवसभर खिळे हाताळायचे आणि तसेच डबा उघडून जेवायला बसायचे, हा अनेक कंपोझिटरांचा रिवाज. असे निवृत्त कंपोझिटर आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

कल्हई: पितळी गंजाला आतून कथिलाची कल्हई लावतात. शुद्ध कथील सुरक्षित आहे. पण कथील महाग आणि शिसे स्वस्त, त्यामुळे त्यात शिशाची भेसळ होऊ शकते. अशा भांड्यात चिंचेचे सार किंवा कढी उकळली, की आंबट पदार्थ शिसे ओढून घेतो. रोमन सापाचीच ही आपली आवृत्ती! विदर्भात भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि आता पितळी भांड्यांची हौस शहरांत पुन्हा वाढते आहे. भांडे जरूर वापरा, पण कल्हई ओळखीच्या, शुद्ध कथील वापरणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. आणि कल्हई करणाऱ्याचाही विचार करा. धूर सगळ्यात जास्त त्याच्या छातीत जातो.

रंग: घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. जुन्या घरांच्या दारे-खिडक्यांवर त्याआधीचे थर तसेच आहेत. दिवाळीपूर्वी रंगारी ते पॉलिश पेपरने घासतो, तेव्हा उडणारी भुकटी त्याच्या आणि घरातल्या लहान मुलांच्या श्वासात जाते.

शेंदूर: मारुतीला, गणपतीला चढवला जाणारा पारंपरिक शेंदूर हा शिशाचा लाल ऑक्साइड आहे. श्रद्धेला हात लावायचे कारण नाही. शेंदूर लागलेला हात प्रसाद घेण्यापूर्वी धुवा आणि लहान मुलांच्या कपाळाला, तोंडाजवळ तो लावू नका, एवढेच.

भस्मे: बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. सगळा आयुर्वेद यात येत नाही. वनस्पतींची औषधे वेगळी आणि धातूंची भस्मे वेगळी. पण सांधेदुखीसाठी बिनलेबलाची पुडी कुणी देत असेल, तर सावध राहा. ज्या दुखण्यासाठी ती घेता, तेच दुखणे ती वाढवू शकते.

कारखाने: पश्चिम महाराष्ट्रात २००० नंतरच्या दशकात संशोधकांनी तीन प्रकारचे कामगार तपासले. बॅटरी बनवणारे, चांदीचे दागिने घडवणारे आणि स्प्रे पेंटिंग करणारे. बॅटरी कामगारांच्या रक्तातले शिसे सरासरी ५० च्या वर, चांदी कारागिरांचे त्याच्या जवळपास आणि रंगकाम करणाऱ्यांचे २० च्या पुढे निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांचे १२ च्या आसपास होते. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांतही फरक दिसले. गॅरॉडचे रंगारी आणि हे कारागीर, मध्ये दीडशे वर्षे आणि दोन खंड. आजार मात्र ओळखीचा.

थोड्या शिशानेही फरक पडतो का?

हा आजच्या संशोधनाचा खरा प्रश्न आहे. २०१२ मध्ये डॉ. ईश्वर कृष्णन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील चाळिशीपुढच्या सहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. कारखान्यात काम न करणाऱ्या सामान्य लोकांची ही आकडेवारी होती. ज्यांच्या रक्तात शिसे सर्वांत कमी (सरासरी एकच्या आत) होते, त्यांच्यात गाऊटचे प्रमाण सुमारे १.८ टक्के होते. ज्यांच्यात सर्वांत जास्त (सरासरी चारच्या आसपास) होते, त्यांच्यात सुमारे ६ टक्के. लक्षात घ्या, चार ही पातळी त्या काळच्या नियमांनुसार अगदी 'नॉर्मल' होती.

अशा अभ्यासातून संबंध दिसतो, पण कारण सिद्ध होत नाही. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर शिसे आणि युरिक अ‍ॅसिड दोन्ही एकदम साचू शकतात. पण जुना इतिहास आणि मूत्रपिंडातली यंत्रणा शेजारी ठेवली, तर हे आकडे दुर्लक्ष करण्याजोगे राहत नाहीत.

बाकीचे धातू?

सगळे जड धातू एकसारखे वागत नाहीत. कॅडमियमचे उदाहरण घ्या. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भाताच्या शेतांत उतरले आणि लोकांची हाडे मोडू लागली. 'इताई-इताई' म्हणजे 'दुखतंय, दुखतंय' असे नाव त्या आजाराला पडले आणि १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्य केला. त्यात मूत्रपिंडाच्या नलिका इतक्या गळक्या होतात की युरिक अ‍ॅसिडही वाहून जाते आणि रक्तातले प्रमाण उलट घटू शकते. म्हणून रिपोर्टमध्ये युरिक अ‍ॅसिड कमी आले म्हणजे मूत्रपिंड ठणठणीत, असे समजू नका. तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम भरपूर शोषते. खर्रा आणि बिडी सोडण्याच्या शंभर कारणांत हे आणखी एक जोडा.

मग तुम्ही काय करायचे?

१. घाबरून सगळे पदार्थ बंद करू नका. डाळी आणि भाज्यांमुळे गाऊटचा धोका वाढत नाही, असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. बिअर, दारू, अवयवांचे मांस (कलेजी, गुर्दा), गोड शीतपेये आणि वाढलेले वजन यांकडे आधी पाहा.

२. युरिक अ‍ॅसिड वाढण्याची नेहमीची कारणे आनुवंशिकता, मूत्रपिंडाचे आजार, स्थूलता आणि काही औषधे (उदा. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे) हीच आहेत. शिसे हे कमी वेळा सापडणारे, पण शोधले तरच सापडणारे कारण आहे.

३. पुढील लोकांनी डॉक्टरांकडे शिशाचा विषय जरूर काढावा: बॅटरी, भंगार वितळवणे, चांदी शुद्ध करणे, डाख देणे, कल्हई, रंगकाम यांत काम केलेले, बराच काळ भस्मे घेतलेले, पाळी थांबण्यापूर्वीच गाऊट झालेल्या स्त्रिया, आणि चाळिशीच्या आत गाऊट, रक्तदाब व वाढलेले क्रिएटिनिन एकत्र असलेले.

४. रक्तातले शिसे साध्या रक्तनमुन्यातून मोजता येते. पण ते अलीकडचा संपर्क दाखवते. हाडात साठलेले जुने शिसे त्यात पूर्ण दिसत नाही. म्हणून जुन्या कामाची माहिती रिपोर्टइतकीच मोलाची आहे.

५. कामावरून आल्यावर कपडे वेगळे धुवा, जेवणापूर्वी साबणाने हात धुवा, कामाच्या जागी खाऊ नका. आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शिसे कमी शोषले जाते.

६. शिसे बाहेर काढणारी औषधे असतात, पण ती ठरावीक पातळीच्या वर आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. 'डिटॉक्स'च्या जाहिराती पाहून सलाइन लावून घेऊ नका. सर्वांत पहिला उपचार म्हणजे शिशाचा संपर्क तोडणे.

७. गाऊटची चालू औषधे स्वतःहून बंद करू नका.

आणि शेवटी एक विनंती. आमच्या ओपीडीत गर्दी असते, प्रत्येक रुग्णाला दोन-पाच मिनिटेच मिळतात, आणि रामाझ्झिनींचा प्रश्न बरेचदा विचारायचा राहून जातो. तुम्ही वाट पाहू नका. "मी काय खातो" हे सांगून झाले की "मी काय काम करतो, आणि आधी वीस वर्षे काय करत होतो" हेही स्वतःहून सांगा. वडील छापखान्यात होते, घरात चांदीचा धंदा होता, बालपण बॅटरीच्या कारखान्याशेजारी गेले, तर तेही सांगा. बोलायला अर्धा मिनिट पुरतो. कदाचित त्या अर्ध्या मिनिटात तुमच्यावरचा खादाडपणाचा आरोप मागे घेतला जाईल आणि तुमच्या शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या आणखी चार जणांचे मूत्रपिंड वेळेत वाचेल.